निवड कोणाची, विपाक कोणाला? : ‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती संकल्पस्वातंत्र्य

ख्रिस्ती धर्मात मनुष्याचा संकल्प स्वतंत्र मानला आहे काय, या प्रश्नाला त्या धर्माच्या इतिहासात एकच उत्तर सापडत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस म्हणत होता की, मनुष्य स्वप्रयत्नाने सदाचरणी होऊ शकतो. त्याच्याविरुद्ध ऑगस्टिनने असे प्रतिपादिले की, आद्य पापाने मनुष्याची इच्छाच विकृत झाली असून ईश्वरी कृपेवाचून ती चांगल्याकडे वळू शकत नाही. पुढे १५२४ साली इरॅस्मसने संकल्पस्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि १५२५ मध्ये ल्यूथरने त्याचे खंडन केले. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मात्र मनुष्याचे स्वातंत्र्य पापाने नष्ट झालेले नाही, असा निर्णय दिला. पंथागणिक उत्तर बदलते. म्हणून ‘ख्रिस्ती मत’ असे सरसकट म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही.

सिद्धांताची परीक्षा ग्रंथांपेक्षा माणसांच्या आयुष्यात अधिक चांगली होते, आणि मराठीत त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतके (१९३४ ते १९३७) प्रांजळ पुस्तक दुसरे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्यापूर्वी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना बायबल देऊन, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले होते, ही कथा सुपरिचित आहे. भक्तांना या भाकितात ईश्वराची योजना दिसते. आम्हांस त्यात एक अडचण दिसते. निवड जर आधीच ठरलेली होती, तर त्यानंतरची दोन वर्षे टिळकांनी केलेले वाचन, घेतलेल्या शंका आणि भोगलेली घालमेल यांचे मोल काय? ईश्वर जाणतो पण भाग पाडीत नाही, हे ऑगस्टिनचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याची इच्छा कृपेनेच वळते असे तोच म्हणतो, त्याच्या निवडीचे श्रेय आणि न वळणाऱ्याचा दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

तथागतांनी हा प्रश्न निराळ्या बाजूने घेतला. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तीन मतांचे परीक्षण आहे : सुखदुःख सर्वस्वी पूर्वकर्माने होते, ईश्वरनिर्मितीने होते, किंवा अकारण होते. तिन्ही मतांवर आक्षेप एकच : यांपैकी कोणतेही मानले, तर हे करावे, हे करू नये, या विचारालाच आधार राहत नाही. त्याच निकायात, कर्तृत्व नाकारणाऱ्या ब्राह्मणाला भगवंत त्याच्याच चालत येण्याजाण्याकडे लक्ष वेधून निरुत्तर करतात. पूर्वकर्मवादाचेही येथे खंडन आहे, हे आमच्यातील काहींनी विसरू नये. दैव मानणारे आपल्या वस्तीतही आहेत.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. निवड टिळकांची होती. परिणाम भोगला पत्नीने. बाप्तिस्मा झाल्याचे त्यांना कळले ते नंतर. मूल लहान, नातलगांचा आधार आणि नातलगांचेच बोलणे, आणि काही वर्षांचा वियोग. पुढे त्या टिळकांकडे राहावयास गेल्या, तरी आरंभी सोवळे आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. मग एके दिवशी त्या स्वतःशी विचार करतात की, जाती ईश्वराने केल्या की माणसाने? उत्तर सापडल्यावर सोवळे सुटते, आणि १९०० साली त्या स्वतः बाप्तिस्मा घेतात. आमच्या मते पुस्तकातील खरे संकल्पस्वातंत्र्य येथे आहे. त्यांना कोणी भाकीत सांगितले नव्हते. पतीने सक्ती केली नाही, हेही टिळकांच्या पदरी टाकले पाहिजे. पण आधीची वर्षे कोणत्या हिशेबात धरावयाची? त्यांना लक्ष्मीबाईंच्या पापाचे फळ म्हणता येत नाही, आणि पूर्वजन्मीच्या कर्माचेही म्हणता येत नाही. संयुत्त निकायात सीवकाला भगवंत सांगतात की, पित्त, वात, ऋतू, दुसऱ्याने केलेला आघात अशा अनेक कारणांनीही वेदना उत्पन्न होते. दुसऱ्याच्या निवडीमुळे होणारे दुःख असे मोकळेपणाने दुसऱ्याच्या निवडीचे म्हणता येते.

येथे प्रामाणिक वाचक आम्हांला विचारील, आणि यशोधरेचे काय? पारंपरिक कथेत सिद्धार्थ रात्री, तिला न सांगता जातो. ही बाब बाबासाहेबांना खटकली होती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये (१९५७) त्यांनी परिव्रज्येचे कारण रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यात आणि संघाच्या निर्णयात शोधले, आणि यशोधरेची संमती स्पष्टपणे मांडली. अट्ठकथांचे अभ्यासक यावर ऐतिहासिक आक्षेप घेतील; आमचा कल त्या मांडणीतील नैतिक आग्रहाकडे आहे. निवड करणाऱ्याने तिचा भार ज्यांच्यावर पडणार त्यांना विचारले पाहिजे, ही अपेक्षा टिळकांच्या बाबतीत अपुरी राहिली.

हट्टा व वसमत परिसरातील वाचकांना हा विषय परका वाटू नये. याच मराठवाड्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसविले, आणि तेथे आलेल्यांत मांग व महार समाजांतील मंडळी बरीच होती. लक्ष्मीबाईंपुढे प्रश्न जात सोडण्याचा होता. या मंडळींवर जात लादलेली होती. त्यांना तुमची अवस्था पापामुळे झाली असे सांगणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवरील निबंधात नेमके पकडले आहे : अधोगतीचे कारण सभोवतालची समाजरचना नसून स्वतःचे पाप, असे एकदा मनावर ठसले की, त्या रचनेविरुद्ध झगडण्याची प्रेरणाच उरत नाही. संकल्प स्वतंत्र म्हणावयाचा आणि दोष मात्र केवळ व्यक्तीच्या अंतरंगात शोधावयाचा, ही अर्धी जबाबदारी झाली.

टिळकांना ही उणीव अंशतः जाणवली असावी. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणे न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग तेथेच खुंटला.