जखम, मौन आणि कुमार कादंबरी

मार्च महिन्यातली गोष्ट. ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. नववीच्या वर्गातली एक मुलगी ऐन उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून येते, खेळाच्या तासाला काहीतरी कारण काढून बसून राहते, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्या दिवशी तिच्या बाकावर एक इंग्रजी कादंबरी दिसली. नाव ‘कट’. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून बाई घाबरल्या. स्वतःच्या शरीराला इजा करून घेणाऱ्या मुलीची ती गोष्ट होती. ‘‘पुस्तक काढून घेऊ का हो? हे असले वाचूनच शिकली असेल का ती?’’ बाईंनी विचारले.

मला लगेच उत्तर देता आले नाही. पुस्तक वाचलेलेच नव्हते. मग ते वाचले, आणि त्याच विषयावरचे आणखी एक वाचले. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या या कादंबऱ्या आपल्याकडेही विद्यार्थ्यांच्या हातात पोहोचू लागल्या आहेत. तेव्हा त्या चांगल्या की वाईट, आणि कोणत्या कसोटीवर, याचा विचार शिक्षकांनी करायला हवा.

आधी थोडे विज्ञान

जीव देण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करणे, हे वर्तन आत्महत्येच्या प्रयत्नापेक्षा वेगळे मानले जाते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत त्याची ‘अधिक अभ्यासाची गरज असलेली अवस्था’ अशी स्वतंत्र नोंद केली. मात्र वेगळे म्हणजे किरकोळ नव्हे. अशा मुलांच्या बाबतीत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला आढळतो.

हे वर्तन दुर्मिळही नाही. निरनिराळ्या देशांतल्या सर्वेक्षणांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १७ टक्के कुमारवयीन मुलामुलींनी आयुष्यात निदान एकदा तरी असे केल्याचे दिसले. बहुतेकांची सुरुवात बारा ते चौदा या वयात होते. म्हणजे आपल्या सातवी ते नववीच्या वर्गात.

‘लक्ष वेधून घेण्यासाठी करतात’ हा सर्वांत प्रचलित गैरसमज आहे. बहुतेक मुले हे लपवतात. अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे येणारे कारण वेगळे आहे. राग, लाज, अपराधीपणा किंवा आतून बधिर झाल्याची भावना असह्य होते आणि ती क्षणभर ओसरावी म्हणून मूल हा मार्ग धरते. मिळणारा दिलासा क्षणिक असतो. मूळ दुःख जागेवरच राहते, वर नवी लाज आणि लपवाछपवी यांची भर पडते. पण दिलासा मिळाला एवढे मेंदू लक्षात ठेवतो आणि सवय जडते. म्हणूनच ‘उद्यापासून करू नकोस’ असे दरडावून ती सुटत नाही.

आता कादंबऱ्यांकडे वळू.

न बोलणारी कॅली

पॅट्रिशिया मॅकॉर्मिक यांची ‘कट’ २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. नायिका कॅली पंधरा वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू. तिला एका निवासी उपचार केंद्रात ठेवले आहे. तिथे खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या, व्यसनात सापडलेल्या अशा इतर मुली आहेत. कॅली कोणाशीच बोलत नाही. गटचर्चेत नाही, उपचार करणाऱ्या बाईंच्या खोलीतही नाही.

लेखिकेने एक साधी पण फार मोलाची गोष्ट केली आहे. सगळी कादंबरी कॅली त्या बाईंना उद्देशून ‘तुम्ही’ असे म्हणत सांगते. खोलीत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण मनात मात्र ती त्यांच्याशी अखंड बोलत असते. शिक्षकाने हे पुस्तक वाचावे ते याचसाठी. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला सांगण्यासारखे काही नाही, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ते कदाचित आपल्यालाच काही सांगत असते, फक्त आवाजाविना.

कॅलीच्या घरी दमेकरी धाकटा भाऊ आहे. त्याच्या आजाराने सगळे घर व्यापले आहे. आई सतत काळजीत, वडील बहुधा घराबाहेर. एकदा ती भावाजवळ असताना त्याला दम्याचा जीवघेणा झटका आला, आणि तो आपल्यामुळेच आला असे तिने मनाशी ठरवून टाकले. कादंबरीच्या अखेरीस ती एका रात्री केंद्रातून पळून जाते आणि एका दुकानातून वडिलांना फोन करते. वडील येतात. त्या दिवशी आपणच घरी असायला हवे होते, हे ते कबूल करतात. आपण बरे व्हायचे आहे हे ठरवून कॅली आपण होऊन केंद्रात परतते.

इथे कोणी खलनायक नाही. आईवडील प्रेमळ आहेत, पण थकलेले आणि भ्यालेले आहेत. मोठ्यांनी उचलायचे ओझे लहान खांद्यावर नकळत कसे येते, हे एवढ्या थोड्या पानांत दाखवणे सोपे नाही.

पण दोन दोष सांगायला हवेत. पहिला असा की सुरुवातीच्या भागात प्रत्यक्ष कृतीचे वर्णन गरजेपेक्षा तपशीलवार आहे. दुसरा दोष जास्त खोल आहे. कथेचा सांगाडा रहस्यकथेचा आहे. एक गुपित, त्याचा उलगडा आणि मग सुटका. वाचकाला ते समाधान देते. वास्तवात मात्र बहुतेक मुलांना असे एकच कारण नसते, आणि कारण सापडले म्हणून सवय सुटतेच असेही नाही. मॅकॉर्मिक शेवटी ‘बरी झाली’ असे न म्हणता ‘परत गेली’ एवढेच म्हणतात, हा त्यांचा संयम. तरीही घाईने वाचणाऱ्या मुलाच्या मनात ‘एकदा बोलून टाकले की संपले’ असा समज राहू शकतो.

भांडी घासणारी चार्ली

ही उणीव भरून काढते ती कॅथलीन ग्लासगो यांची ‘गर्ल इन पीसेस’ (२०१६). तिची नायिका चार्ली सतरा वर्षांची आहे. वडिलांचा मृत्यू, आईकडून मारहाण, जिवलग मैत्रिणीचा वियोग, बेघर होऊन रस्त्यावर काढलेले दिवस असे सगळे तिच्या वाट्याला आले आहे. तीही सुरुवातीला रुग्णालयात आहे आणि तीही बोलत नाही. पण तिला तिथून जावे लागते ते बरी झाली म्हणून नव्हे, तर उपचारांचे पैसे संपले म्हणून. मग मिनेसोटातून थेट अ‍ॅरिझोनातल्या टूसान शहरापर्यंत बसचा प्रवास, भाड्याची खोली आणि एका कॉफीच्या दुकानात भांडी घासण्याचे काम.

‘कट’ जिथे संपते, जवळजवळ तिथेच या कादंबरीचा खरा भाग सुरू होतो. केंद्राच्या भिंतीबाहेर, रोजच्या कामाच्या धबडग्यात बरे राहायचे कसे? चार्ली व्यसनी तरुणाच्या प्रेमात पडते, घसरते, पुन्हा स्वतःला इजा करून घेते. पण लेखिका तिला तिथे सोडून देत नाही. सोबत काम करणारी माणसे तिला आपल्याबरोबर नेतात, एक वृद्ध चित्रकार तिच्या चित्रांकडे गंभीरपणे पाहतो. घसरणे म्हणजे केलेले सगळे वाया जाणे नव्हे, ही गोष्ट इतक्या ठामपणे सांगणारी कुमार कादंबरी माझ्या वाचनात दुसरी नाही. आणि वाचवणारा कोणी एकच नायक इथे नाही. डॉक्टर, दुकानातल्या सहकारी, काम, चित्रकला असे अनेक आधार थोडे थोडे उपयोगी पडतात.

ग्लासगो यांनी पुस्तकाच्या शेवटी आपण स्वतः यातून गेल्याचे सांगितले आहे. लेखनातला खरेपणा त्यातून आला असावा. पण खरेपणा म्हणजे सगळेच दाखवणे नव्हे. जखमांची आणि साधनांची वर्णने या चारशे पानांच्या कादंबरीत पुन्हा पुन्हा येतात. त्यातली निम्मी गाळली असती तरी चार्लीचे दुःख तसूभरही कमी झाले नसते. जो वाचक आज त्याच अवस्थेत आहे त्याला ही पाने त्रास देऊ शकतात.

पुस्तक वाचून मुले बिघडतात का?

बाईंचा मूळ प्रश्न हाच होता, आणि तो जुना आहे. गटेची ‘तरुण वेर्थर’ची कादंबरी १७७४ साली आली, तेव्हा तरुण मुले नायकाचे अनुकरण करून जीव देतील या भीतीने लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली वृत्तपत्रांत गाजलेल्या आत्महत्यांनंतर आत्महत्या वाढतात असे दाखवले आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ हे नाव दिले.

कथेच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. जे अ‍ॅशर यांच्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ (२००७) या कादंबरीवरची मालिका मार्च २०१७ मध्ये आली. तिच्यातल्या आत्महत्येच्या दृश्यावर मोठे वादळ उठले आणि जुलै २०१९ मध्ये ते काढून टाकले गेले. मालिकेनंतरच्या महिन्यात अमेरिकेतल्या १० ते १७ वयाच्या मुलांतील आत्महत्या अपेक्षेपेक्षा वाढल्या, असे एका अभ्यासाने म्हटले. त्याच आकड्यांच्या फेरतपासणीने हा निष्कर्ष तितका भक्कम नसल्याचे दाखवले. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको.

नाण्याला दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० साली वृत्तपत्रांतल्या मजकुराचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येचा विचार मनात येऊनही संकटातून तरून गेलेल्या माणसांविषयीचे लेख छापून आले, तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण घटलेले दिसले. मोत्झार्टच्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेत पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुले त्याला दुसरा मार्ग सुचवतात. त्यावरून याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. हा अभ्यास वृत्तपत्रांचा आणि आत्महत्येविषयीचा आहे. कादंबऱ्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी त्यातून कसोटी मिळते. गोष्ट कोणत्या विषयावर आहे यापेक्षा ती कशावर रेंगाळते, हे पाहावे. ती जखमेवर रेंगाळते, की जखमेआधीच्या एकटेपणावर आणि जखमेनंतरच्या वाटेवर?

या कसोटीवर दोन्ही कादंबऱ्या उतरतात. पूर्ण गुणांनी नव्हे, पण नक्की उतरतात.

बरे होणे म्हणजे शिकणे

एका बाबतीत मात्र दोन्ही कमी पडतात. उपचार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे त्या फारसे दाखवत नाहीत. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांसाठी एक उपचारपद्धती विकसित केली. तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. पुढे कुमारवयीनांवर झालेल्या चाचण्यांतही ती उपयोगी ठरली. तिचे सूत्र शिक्षकांना ओळखीचे वाटेल. आहेस तसा तुला स्वीकारतो, आणि तरीही बदलायला मदत करतो. त्यात भावनेला नाव देणे, असह्य क्षण इजा न करता पार पाडणे, मदत मागणे ही कौशल्ये शिकवली जातात आणि सराव करून घेतली जातात. २०११ साली लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले की सतराव्या वर्षी त्या स्वतःच अशा अवस्थेत रुग्णालयात होत्या.

रोजच्या सरावातून बरे होणारी नायिका रंगवणे लेखकाला अवघड जाते, कारण सरावात नाट्य नसते. पण शिक्षकाला या सरावाची किंमत कळते. अशी कादंबरी कोणी मराठीत लिहिली तर फार बरे होईल.

मग बाईंना काय सांगितले?

पुस्तक काढून घेऊ नका, असे सांगितले. काढून घेतले तर तिला एकच गोष्ट कळेल, की हा विषय बोलायचा नाही. सगळ्या वर्गापुढे हे पुस्तक वाचायला घेऊ नका, कारण त्या क्षणी कोण कोणत्या अवस्थेत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आधी स्वतः वाचा. सर्वांसमोर बाह्या वर करायला लावू नका. एकांतात, शांतपणे विचारा. जखमेविषयी नव्हे, तिच्याविषयी. असे विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते, ही भीती अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. ‘तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन, आणि आधी तुला विचारून’ असे म्हणा. मग समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. जवळपास कोणी नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे. मराठीतूनही बोलता येते, आणि शिक्षकही फोन करू शकतात.

बाईंनी पुस्तक वाचले. मग मधल्या सुटीत त्या मुलीला एवढेच विचारले, ‘‘कॅली शेवटी फोन करते, तिथपर्यंत आलीस का गं?’’ मुलगी बराच वेळ गप्प राहिली. बाईही थांबून राहिल्या. पुढे ती काय बोलली, ते त्या दोघींचे. पण ती बोलली, आणि बाईंनी मला पुन्हा फोन केला तो समुपदेशकाचा पत्ता विचारायला.