समोर पाहणारे चेहरे

प्राचीन इजिप्तच्या लोकांविषयी दोन मते रूढ आहेत. पहिले जुने : हे लोक आयुष्यभर मरणाचीच तयारी करीत होते. दुसरे त्याच्या नेमके उलट : थडग्यांच्या भिंतींवरचे गाणे-बजावणे, नाच, शिकारी पाहा, म्हणजे त्यांच्या रोजच्या जगण्यात केवढी रसिकता होती ते कळेल. दुसरे मत अधिक लोभस आहे आणि बरीच वर्षे मीही त्याच पक्षात होतो. परंतु नेबामुनच्या थडग्यातली चित्रे (अर्थात पुस्तकांतल्या प्रतिकृतींतून) पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला दोन्ही पक्ष अपुरे वाटू लागले आहेत. भिंतीवरचा हा आनंद नेमका कोणाचा, हे दोघांनीही विचारलेले नाही.

नेबामुन हा इ. स. पू. १३५० च्या सुमारास थीब्ज येथे आमोन देवाच्या कोठारात धान्याचा हिशेब ठेवणारा कारकून. त्याच्या थडग्यातली चित्रे १८२० च्या सुमारास भिंतीवरून कापून काढण्यात आली. त्यांतले अकरा तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते थडगे कोठे होते, याचा पत्ता मात्र हरवला आहे. ही चित्रे शवाबरोबर काळोखात गाडलेली नव्हती. शव खाली, चित्रे वरच्या दालनात. सणावाराला आप्तमंडळी तेथे जमत, जेवत, मृताची आठवण काढीत. म्हणजे या चित्रांना प्रेक्षक होता आणि त्या प्रेक्षकासमोर घराण्याची शोभा राखायची होती.

हे ध्यानात घेतले की शिकारीचे प्रसिद्ध चित्र वेगळे दिसू लागते. लव्हाळ्यातून जाणाऱ्या नावेत नेबामुन उभा आहे. पाखरांचा थवा उडाला आहे. मागे त्याची पत्नी भरजरी थाटात उभी आहे. चिखलपाण्यात शिकारीला निघताना कोणती बाई असा साजशृंगार करील? ही घडलेल्या दिवसाची नोंद नव्हे. एका हिशेबनिसाने अनंतकाळासाठी मागितलेली सुट्टी आहे ती. नवराबायको दोघेही सुंदर आहेत, नियमानुसार एका बाजूने रेखाटलेले आहेत आणि निश्चल आहेत. जिवंत आहे ते मांजर! पाखरांवर झेपावलेल्या त्या मांजराच्या डोळ्याला चित्रकाराने सोन्याचा वर्ख लावला आहे.

मेजवानीच्या चित्रात हाच प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. पाहुणे ओळीने बसले आहेत. सारे एका बाजूने पाहणारे, सारे सारखे. खालच्या ओळीत चार वादक स्त्रिया जमिनीवर बसल्या आहेत. एकीजवळ दोन नळ्यांचा पावा आहे, बाकीच्या टाळ्यांनी ताल धरीत आहेत. शेजारी दोन मुली नाचताहेत. गाण्याचे शब्द वर लिहिलेले आहेत. सूर अर्थातच गेले. आणि या चौघींपैकी दोघींचे चेहरे थेट आपल्याकडे वळलेले आहेत! केस विस्कटलेले, तळपाय दिसताहेत. इजिप्तच्या चित्रकलेत समोरून काढलेला चेहरा फार दुर्मीळ.

येथे रसिक टीकाकार ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ म्हणून टाळी देतो. मला तशी टाळी देववत नाही. चित्रकाराला ही मोकळीक का मिळाली? त्या बायका मानाच्या नव्हत्या म्हणून. धन्याचा चेहरा वळवला असता तर घराण्याची प्रतिष्ठा गेली असती. बिदागीवर आलेल्या बाईचा चेहरा कोठे वळला याची फिकीर कोणाला? ही मोकळीक अवहेलनेतून आलेली आहे. त्या नाचणाऱ्या मुलींच्या अंगावर जवळजवळ वस्त्र नाही, तेही त्याच हिशेबाने. पण चित्रकाराने त्या दुर्लक्षित कोपऱ्यात आपला जीव ओतला, हेही तितकेच खरे. बहुधा तोही त्याच ओळीतला होता. त्या भिंतीवर त्याचे नाव नाही.

मग या माणसांची स्वतःची करमणूक कोणती? त्याचे उत्तर दीर अल-मदिना या गावी मिळते. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर येथे राहत. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा त्यांचा एक हजेरीपट चुनखडीच्या फरशीवर लिहिलेला सापडला आहे. शाळामास्तर असल्यामुळे तो मी विशेष आस्थेने वाचला. गैरहजेरीची कारणे : आजारपण, विंचू चावला, घरी बीअर गाळायची होती. आमच्या वर्गात याहून फार निराळे ऐकू येत नाही. याच माणसांनी दगडाच्या कपच्यांवर, कोणी सांगितले नसताना, चित्रे काढली. उंदीर शेठाणीसारखा बसला आहे आणि मांजर त्याची सेवा करीत आहे! तूरीन येथील एका पपायरसवर तर साऱ्या मैफलीचीच थट्टा आहे : गाढव हार्प वाजवीत आहे, सिंह आणि मगर आपापली तंतुवाद्ये छेडीत आहेत, वानराने पावा तोंडाला लावला आहे. आपण गाढवापुढे गीता वाचतो. तेथे गाढवानेच वाद्य हाती घेतले. ही चित्रे नेबामुनच्या नंतर सुमारे दोनशे वर्षांची. परंतु धन्याच्या भिंतीवर ज्यांनी गंभीर मेजवान्या रंगवल्या, त्यांच्याच धंद्यातल्या कोणाचे तरी हे हसणे आहे.

म्हणून मला वाटते, थडग्यातल्या चित्रांना ‘दैनंदिन जीवन’ म्हणणे सोडून द्यावे. भिंत धन्याची इच्छा सांगते. जगणे भिंतीच्या कडेला आणि टाकाऊ कपचीवर सापडते. हे लिहिताना मी स्वतःलाही त्यातून वगळत नाही. माझ्या एका कादंबरीतला ध्येयवादी नायक मी फार जपून, सगळे नियम पाळून रंगवला होता. भेटणारे वाचक त्याचे नावही काढीत नाहीत. शाळेची घंटा देणाऱ्या शिपायाचे पुढे काय झाले, एवढेच विचारतात. त्याच्याकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. कदाचित म्हणूनच तो समोर पाहू शकला.