मडक्यातली वाळू

जपानी चित्रकार तारो ओकामोतो यांनी १९५१ साली तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात जोमोन काळातली मडकी पाहिली आणि ते हादरले. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यांवर लेख लिहिला, आणि उत्खननात सापडलेली ही भांडी कलाकृती म्हणून पाहिली जाऊ लागली. काठावर उसळणाऱ्या रेघांमध्ये त्यांना शिकारी माणसाचं झगडणारं मन दिसलं. लेख मोठाच आहे. पण घाट पाहून थेट माणसं ओळखण्याचा मोह त्याने पक्का केला. एक शैली, म्हणून एक समाज. हे मला पटत नाही.

घाट नक्कल करता येतो. माती मात्र कुठून तरी आणावीच लागते. खापराचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासला की त्यातून उजेड आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतले कण ओळखू येतात: क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, ज्वालामुखीची काच. मग तसा खडक आसपास आहे का, हे बघायचं. माती परकी निघाली, तर बहुधा मडकं प्रवास करून आलं. माती इथलीच पण नक्षी दूरची, तर? मडकं आलंच नाही. घडवणारा हात आला असेल. कदाचित लग्न होऊन. किंवा कुणीतरी पाहून शिकलं. इथे कण गप्प बसतो, आणि आपणही थोडं गप्प बसावं.

पूर्व कांतोमधल्या ‘आतामादाई’ शैलीच्या मडक्यांचंच घ्या. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची ही मडकी अभ्रकाने चमकतात. भूशास्त्रज्ञाला अभ्रक म्हणजे खडकाचा पत्ता. पण चमक आवडली म्हणून कुणी ते मुद्दाम मिसळलं असेल, तर तो कणही नक्षीचाच भाग झाला की! मग माती हा तटस्थ पुरावा आणि घाट ही आवडनिवड, अशी सोपी वाटणी उरत नाही.

शिवाय नद्या आहेत. डोंगरातला कण त्या मैदानात आणून टाकतात. मडकं जागचं हललेलं नसतानाही त्यात दूरचा खडक सापडू शकतो. म्हणून नुसता खडकांचा नकाशा पुरत नाही. उत्खननाच्या जागेभोवतालच्या ओढ्या-नद्यांची वाळू गोळा करून ती खापराशेजारी ठेवून तपासावी लागते. काम कंटाळवाणं, आणि त्यात ज्वाळा कुठेच नाहीत.