स्मृतिरक्षण आणि परीक्षेतील शब्द

मेंदूतील अर्बुदावर किरणोपचार करताना रुग्णाची स्मृती शाबूत ठेवण्याचे जे प्रयत्न चालू शतकात झाले, त्यांचे वैद्यकीय मोल निर्विवाद आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 518 रुग्णांच्या चाचणीत मेमँटीन हे औषध दोन्ही गटांना दिले होते. ज्या गटात हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्रावरील किरणांचा मारा टाळला, त्यात बुद्धिव्यापारांचा ऱ्हास कमी झाला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील 200 तरुण रुग्णांच्या अभ्यासातही (2017) किरण अर्बुदाच्या आकारानुसार नेमके रोखल्यास पाच वर्षांनंतरचा बुद्ध्यंक अधिक चांगला राहतो असे आढळले.

परंतु पहिल्या चाचणीत 'स्मृती' मोजली कशी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. तेथील एक प्रमुख कसोटी म्हणजे बारा नामांची यादी. ती तीनदा वाचून दाखवतात आणि सुमारे वीस-पंचवीस मिनिटांनी आठवावयास सांगतात. नामे तीन अर्थवर्गांत विभागलेली असतात. एका यादीत हे वर्ग चतुष्पाद प्राणी, रत्ने आणि निवासस्थाने असे आहेत. वर्ग ओळखता आला तर आठवण्यास आधार मिळतो.

हीच यादी शब्दशः भाषांतरित करून मानोरा तालुक्यातील रुग्णापुढे ठेवली तर काय होईल? प्राणी नित्य परिचयाचे. रत्नांची नावे मात्र बहुधा केवळ ऐकीव. शिवाय येथे घरोघरी वऱ्हाडी बोलतात, आणि पोहरादेवीच्या या तालुक्यात अनेकांची मातृभाषा गोरबोली आहे. प्रमाण मराठी ही त्यांची शाळेतली भाषा होय.

रुग्णाची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी होत असल्याने हा दोष आपोआप वजा होतो, असा आक्षेप संभवतो. तो अपुरा आहे. अपरिचित शब्दांमुळे ज्याला आरंभीच बारांपैकी तीनच आठवले, त्याची पुढील घसरण दिसण्यास जागाच उरत नाही. स्मृती गेली तरी अंक जवळजवळ तेच राहतात, आणि रक्षण झाले की नाही हे कळत नाही.

म्हणून यादी भाषांतरित न करता नव्याने रचली पाहिजे. पिके, भांडी, नाती असे वर्ग घेऊन त्या त्या बोलीतील वापराची वारंवारता व शब्दांची लांबी तपासावी. पुनःपुन्हा परीक्षा घ्यावी लागत असल्याने तुल्यबळ अशा अनेक याद्या सिद्ध कराव्यात. किरणांची दिशा वैद्यांनी ठरवावी. शब्दांची निवड मात्र भाषाशास्त्राचे कर्तव्य आहे.