कॉफीचे शंकरपाळे

हल्ली दिवाळीत आमच्या नगरात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) कुणाकडेही जा, ताटात काळेसावळे शंकरपाळे डोकावतात. कॉफीचे!

चवीबद्दल माझी तक्रार नाही. कडसरपणाने साखरेची मिजास जरा उतरते. तक्रार आहे रंगाची. साधे शंकरपाळे तळताना डोळा हाच मास्तर. बदामी झाले की काढा. इथे कोमट दुधात कॉफी विरघळवून मळलेले पीठ मुळातच बदामी! कढईत पडण्याआधीच पास. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे देऊन नवशिक्यांची सोय केली, पण आंधळ्या कढईला कसले माप? आमच्या वहिनी मात्र कानाने तळतात. मंद आच, चरचर मंदावली, बुडबुडे विरळ झाले, म्हणजे आतले पाणी गेले, काढा. रंगाची वाट पाहणाऱ्यांच्या हाती कोळसे येतात आणि पाहुण्यांना 'स्ट्राँग कॉफी आहे हो' म्हणून वाढले जातात.

आणखी एक. बहुतेकजण त्यात वेलची घालतात. अहो, आपल्याकडे कॉफीत पडते ते जायफळ! ते किसायचा कंटाळा असेल, तर सरळ साधे शंकरपाळे करा आणि कॉफी कपात द्या.