पाझर आणि गळती

राळेगणसिद्धीच्या पाझर तलावाचं मला सर्वांत अप्रूप वाटतं ते त्याच्या दुरुस्तीचं. सरकारने तलाव बांधून दिला होता, पण भराव गळका, पाणी टिकेना. १९७५ साली गावात परतलेल्या अण्णा हजारे यांनी पुढे गावकऱ्यांना श्रमदानाला उभं केलं, गळती बंद झाली आणि खालच्या अंगाच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिलं.

पण पाझर तलाव पाझरायलाच असतो ना? मग गळला तर बिघडलं कुठं? मातीच्या बांधाची सगळी गोडी मला इथंच वाटते. तलावाच्या तळातून पाणी मुरायला हवं; भरावाच्या अंगातून निसटायला नको. मुरलेलं पाणी विहिरीला जातं. भरावातून निसटणारं पाणी जाताना मातीचा कण न् कण घेऊन जातं, आणि एक दिवस बांधच नेतं.

म्हणून भरावाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा, त्यावर दोन्ही अंगांनी मुरमाचं कवच. माती थराथराने टाकायची, पाणी शिंपायचं, दाबायची, मगच पुढचा थर. गाभ्याखाली चर असतो. साठवण धरणात तो कातळाला भिडवतात. पाझर तलावात मुद्दाम उथळ ठेवतात, खालून पाण्याला वाट राहावी म्हणून. हा राखून ठेवलेला उणेपणा मला फार मोठ्या जाणकारीचा वाटतो.

पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. भरावावर बाभूळ उगवली तर ती लहान असतानाच काढायची. तिचं मूळ कुजलं की पाण्याला आयती नळी मिळते.

आणि कडेला सांडवा. उघड्या माळावर वळीव कोसळला की ओढा तासाभरात लाल होऊन धावत येतो. बांध त्याला पोटात घेतो, दमवतो, आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून बेताबेताने सोडतो. एका ओढ्यावर असे चार बांध असले, तर खालच्या शेताची ताल शाबूत राहते. पाणी भरावाच्या माथ्यावरून मात्र कधीच जाता कामा नये. १२ जुलै १९६१ ला पुण्यावर पूर आणणारं पानशेतचं धरणही मातीचंच होतं.

माघ-फाल्गुनात असा तलाव कोरडा दिसला तर हळहळू नका. गाळाला भेगा पडलेल्या असतात, त्यात गुरं चरत असतात. बांध उतरून खाली जा आणि पहिल्या विहिरीत वाकून बघा.