तहानेचा देश : फ्रोमांतँची सहाराचित्रे आणि कर्त्याचा प्रश्न

चित्रकलेचा आणि भाषेचा संबंध या विषयावर आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा 'चित्र ही एक भाषाच होय' या विधानापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. हे विधान रूपक म्हणून ठीक आहे. परंतु त्याची परीक्षा करावयाची झाल्यास, एकाच व्यक्तीने एकच प्रदेश चित्रांत आणि शब्दांत अशा दोन्ही माध्यमांत मांडला आहे, असे उदाहरण घ्यावे लागते. फ्रेंच चित्रकार यूजेन फ्रोमांतँ (१८२०–१८७६) हे असे उदाहरण आहे. अल्जीरियातील रुक्ष प्रदेशाची त्याची चित्रे आणि त्याच प्रवासावरील त्याचे पुस्तक ही शेजारी ठेवून पाहिली, तर दोन्ही माध्यमे एकच गोष्ट सांगत नाहीत असे आढळून येते. त्यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फ्रोमांतँने अल्जीरियाचा प्रवास तीनदा केला : १८४६ साली, १८४७–४८ मध्ये आणि १८५२–५३ मध्ये. १८५३ च्या उन्हाळ्यात तो मेदेआहून निघून गवताळ पठारे ओलांडीत दक्षिणेकडे लाग्वात या मरूद्यानातील नगरापर्यंत गेला. या प्रवासाचे वर्णन करणारे 'सहारातील एक उन्हाळा' हे पत्ररूप पुस्तक १८५७ साली निघाले, आणि १८५९ साली 'साहेलमधील एक वर्ष' हे दुसरे. शीर्षकांतील दोन्ही नावे अरबी आहेत. 'सहारा' म्हणजेच वाळवंट, आणि 'साहेल' म्हणजे किनारा. उर्दू काव्यामुळे आपल्या परिचयाचा झालेला 'साहिल' हा शब्द तोच. यानंतर फ्रोमांतँ अल्जीरियास पुन्हा गेला नाही. तरीही पुढील वीस-बावीस वर्षे तो पॅरिसमध्ये बसून मुख्यतः तोच प्रदेश रंगवीत राहिला.

त्याच्या चित्रांचे विशेष प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते खरोखर मोठे आहेत. वाळवंट म्हणजे झगझगीत पिवळा रंग, ही त्या काळची रूढ कल्पना त्याने मोडली. माध्यान्हीचा प्रखर प्रकाश रंगांना उजळीत नाही, उलट ते पुसून टाकतो, हे त्याने पाहिले होते. त्यामुळे त्याच्या चित्रांत राखी, मातकट आणि फिकट जांभळ्या छटांना प्राधान्य मिळते. सावलीविषयीचे त्याचे निरीक्षण तर अपूर्व आहे. त्या देशातील सावली काळी नसते. ती गडद असूनही पारदर्शक असते आणि खोल पाण्यासारखी दिसते, अशा आशयाचे वर्णन त्याने पुस्तकात केले आहे.

हे निरीक्षण ज्या चित्रात पूर्णत्वास गेले, ते 'लाग्वात येथील बाब-एल-घर्बी रस्ता' हे १८५९ चे, हल्ली दुए येथील संग्रहालयात असलेले चित्र. 'बाब' म्हणजे दरवाजा आणि 'घर्ब' म्हणजे पश्चिम. 'मगरिब' या शब्दातील धातू हाच. चित्रात एक अरुंद, उतरत जाणारा रस्ता आहे. एका बाजूच्या मातीच्या भिंतीवर ऊन कोसळत आहे. दुसऱ्या बाजूस सावलीचा एक पट्टा असून त्यात भिंतीच्या कडेने माणसे ओळीने निजली आहेत. कोणाचाही चेहरा लक्ष वेधून घेत नाही. कपड्यांच्या घड्या आणि आडवी शरीरे एवढेच दिसते. उष्णतेपुढे माणसाने पत्करलेली शरणागती असाच चित्राचा अर्थ प्रेक्षक करतो, आणि चित्रापुरता तो योग्यच आहे.

आता पुस्तकाकडे वळावे. फ्रोमांतँ लाग्वातला पोहोचला त्याच्या सहा महिने आधी, ४ डिसेंबर १८५२ रोजी, सेनापती पेलिसिए याच्या फ्रेंच सैन्याने ते नगर हल्ला करून जिंकले होते, आणि रहिवाशांची भीषण कत्तल झाली होती. पुस्तकात हे दडवलेले नाही. लेखकास नगर दाखविणारा एक फ्रेंच लेफ्टनंट आपण पाहिलेली हकीकत सांगतो. त्याच्या ओळखीच्या दोन स्त्रिया त्या दिवशी मारल्या गेल्या. त्यांपैकी एकीने त्याच्या हातांत प्राण सोडला, तेव्हा तिच्या मुठीतून गणवेशाचे एक बटण खाली पडले. मारेकऱ्याच्या अंगावरून तिने ते ओढून काढले होते.

हे वाचल्यानंतर त्या चित्रातील आडवी शरीरे पूर्वीसारखी दिसत नाहीत. सहा महिन्यांपूर्वी याच नगरात माणसे अशीच आडवी पडली होती, पण ती निजलेली नव्हती. चित्रकाराला हे ठाऊक होते आणि त्याने ते लिहिलेही. परंतु रंगवताना त्याने फक्त झोप रंगवली.

येथे सहज सुचणारे उत्तर असे की, चित्राला भूतकाळ नसतो. क्रियापदाला काळाचा प्रत्यय लावता येतो, रंगाला तो लावता येत नाही. फ्रोमांतँला स्वतःलाही हा भेद मान्य होता. १८७४ साली पुस्तकाच्या नव्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत, डोळ्यासाठी असलेली रूपे आणि मनासाठी असलेली रूपे वेगळी असून कुंचला जेथे अपुरा पडला तेथे आपण लेखणी घेतली, असा त्याचा आशय आहे. परंतु हे उत्तर पुरेसे नाही. गोयाने स्पेनमधील युद्धाची छापचित्रे केली, तेव्हा मृतदेह दाखविण्यास माध्यमाने त्याला अडविले नाही. आणि जेथे काळ व साक्षीदार सांगणे आवश्यक वाटले तेथे त्याने चित्राखाली शब्द घातले. तेव्हा फ्रोमांतँच्या चित्रातील मौनाचे सर्व खापर माध्यमावर फोडता येत नाही. त्याचा काही भाग निवडीचा आहे, आणि ती निवड निसर्गचित्र या प्रकाराशी निगडित आहे.

याचा पुरावा त्याच्या 'तहानेचा देश' या चित्रात मिळतो. सुमारे १८६९ चे हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असून त्याची दुसरी प्रत ब्रुसेल्सला आहे. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस दक्षिण क्षितिजाला उद्देशून हेच नाव आले होते. निर्जल, खडकाळ भूमीवर कोसळलेली माणसे येथे आहेत, आणि त्यांच्या रचनेत झेरिकोच्या 'मेदूझाचा तराफा' (१८१९) या चित्राची आठवण स्पष्ट आहे. म्हणजे मृत्यू रंगविणे फ्रोमांतँला वर्ज्य नव्हते. परंतु सहारातील मृत्यू त्याने चित्रात आणला तो तहानेचा.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा भेद नेमका मांडता येतो. 'मरणे' आणि 'मारणे' यांत एका स्वराच्या दीर्घत्वाचे अंतर आहे. पहिले क्रियापद अकर्मक आहे. मरणारा तेवढा सांगितला की वाक्य पुरे होते. दुसरे सकर्मक असून भूतकाळी त्याचा कर्ता 'ने' हा प्रत्यय घेऊन उभा राहतो : सैनिकाने तिला मारले. लाग्वातविषयीचे पुस्तक, निदान त्या एका बटणाच्या प्रसंगात, 'मारले' असे म्हणते. चित्र 'मेले' असे म्हणते. कर्त्याच्या जागी तेथे केवळ ऊन आणि जमीन आहे. गुस्ताव्ह गियोमे याच्या 'सहारा' (१८६७) या प्रसिद्ध चित्रात ही प्रक्रिया आणखी एक पाऊल पुढे जाते. तेथे अग्रभागी उरला आहे तो उंटाचा सांगाडा, आणि क्षितिजावर तांड्याचा भास.

फ्रोमांतँला अप्रामाणिक ठरविणे हा या विवेचनाचा हेतू नाही. किंबहुना आपल्या चित्राविरुद्ध साक्ष देणारा पुरावा त्यानेच जपून ठेवला. अशी नोंद मागे न ठेवणारे चित्रकार पुष्कळ आहेत. प्रश्न आहे तो आपल्या वाचनाचा. अशा चित्रांना आपण सरसकट 'निसर्गचित्र' म्हणतो, तेव्हा जे घडले ते सर्व निसर्गाच्या खाती जमा करतो. वस्तुतः आपल्या भाषेला याहून सूक्ष्म भेद ठाऊक आहे. पाऊस न पडणे ते 'अवर्षण', आणि त्यातून माणसांवर ओढवतो तो 'दुष्काळ'. दुसऱ्या शब्दात काळ आहे, आणि काळ आला की काय घडले व कोणी केले हे प्रश्नही येतात. रुक्ष भूमीच्या चित्रासमोर उभे राहताना अभ्यासकाने रंग आणि प्रकाश यांचा आस्वाद जरूर घ्यावा. फ्रोमांतँच्या सावल्या त्यास पात्र आहेत. परंतु त्या सावलीत कोण पडले आहे आणि ते वाक्य अकर्मक कोणी केले, हे विचारल्यावाचून त्या चित्राचे परीक्षण पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.